'विषय कोणते घेतलेस?' : वाढोण्यापासून लातूरपर्यंत

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ आणि मागून येणारा प्रेशर कुकर काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं.)

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, मी गावी हिमायतनगरला होतो. वर्क फ्रॉम होम म्हणजे अर्धा वेळ मीटिंग आणि अर्धा वेळ लाइट येण्याची वाट. तेव्हा माझी पुतणी, चुलत भावाची मुलगी, फोन घेऊन शेजारी येऊन बसली. दहावीचा निकाल लागला होता. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्यात लागू झाला. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता. फॉर्ममध्ये कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम भरता येत होते.

ती म्हणाली, "काका, दहा ठिकाणं भरता येतात म्हणे. पण आपल्या गावात मी काय भरू?"

तेवढ्यात ओसरीवरून आबांनी, माझ्या आजोबांनी, विचारलं, "कोणता विषय घ्यायलीस गं?"

हा प्रश्न आमच्या घरात चार पिढ्यांना विचारला गेलाय. दर वेळी नियम वेगळे होते. म्हणून आज थोडा इतिहास. कंटाळवाणा नाही होणार, आणि झालाच तर वन पॉइंट फाइव्ह स्पीड आहेच तुमच्याकडे.

सुरुवात आबांपासून. त्यांचा जन्म १९३६ चा. आमच्या गावाचं जुनं नाव वाढोणा, आणि म्हातारी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात. तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. खालच्या इयत्तांत मराठी चालायची, पण वर सरकलं की सरकारी शाळेचं माध्यम उर्दू. आबा तालुक्याच्या शाळेत गेले आणि गणित उर्दूतून शिकले. आज नव्वदीला टेकलेत, तरी किराणा दुकानातला हिशेब तोंडी करताना पुटपुटतात ते 'जरब' आणि 'तक्सीम'. जरब म्हणजे गुणाकार, तक्सीम म्हणजे भागाकार, आणि वजाबाकीला तफरीक. लहानपणी मला वाटायचं आबा शिव्या देतायत.

आता इथे एक गोष्ट सरळ सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे हा इतिहास फार एका रंगात सांगतात. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं आणि त्याचं माध्यम उर्दू होतं. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, पण शिकवायची भाषा उर्दू. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा देशातला पहिला मोठा प्रयोग. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' नावाचा अनुवाद विभाग होता. तिथे विज्ञान, गणित, कायदा, वैद्यकाची पुस्तकं उर्दूत आणली गेली, नवे पारिभाषिक शब्द घडवले गेले. मेडिकल आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून. मी आज कोड लिहितो त्यातली एक ओळही मराठीत समजावता येत नाही मला, तेव्हा हे काम किती मोठं असेल ते मला कळतं. दिल से सलाम.

पण अडचण अशी, की ती भाषा दरबाराची होती. संस्थानातली बहुसंख्य माणसं बोलायची मराठी, तेलुगू नाहीतर कन्नड. वाढोण्याच्या पोरासाठी 'भारतीय भाषेतलं शिक्षण' म्हणजे आणखी एक परकी भाषा, आणि तिच्या डोक्यावर इंग्रजी. निवडीचा प्रश्नच नव्हता. शिकायचं असेल तर उर्दू, नाहीतर नांगर.

ज्यांना मराठीतून शिकायचं होतं त्यांच्यासाठी खाजगी शाळा होत्या. औरंगाबादचं सरस्वती भुवन, अंबाजोगाईचं योगेश्वरी, खुद्द हैदराबादेत विवेक वर्धिनी. पण त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सरकारची त्यांच्यावर बारीक नजर. स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले हे आपल्याला १७ सप्टेंबरच्या भाषणांमुळे पाठ असतं. ते मुळात शाळामास्तर होते हे आपण विसरतो. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत.

१९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून संघर्ष पेटला आणि मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. वरंगळहून काढलेल्या पोरांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव होते. तेच, नंतरचे पंतप्रधान. १९८६ चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं तेव्हा शिक्षण खातं ज्या मनुष्यबळ विकास मंत्रालयात होतं, त्याचे मंत्री तेच होते. शिक्षणातून हाकललेला मुलगा पुढे देशाचं शिक्षण धोरण मांडतो. मला हे फार आवडतं. आणि त्यांना मराठी इतकी चांगली येत होती की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली.

आमच्याकडून तर पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिथे मराठीतून शिकता येई. दोन्ही काठांवर बोली जवळजवळ एकच, पण भूमितीचं पुस्तक वेगळ्या लिपीत. ज्याचे नातेवाईक उमरखेडला, त्याचं नशीब. आबांचे नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान भारतात आलं. आबा बारा वर्षांचे. शाळा काही काळ बंद होती. उघडली तेव्हा माध्यम बदलायला लागलं होतं. आबा सांगतात, गणिताचे मास्तर तेच होते. त्यांचंही शिक्षण उर्दूतूनच झालेलं. फळ्यावर उदाहरण लिहिलं, 'जरब' म्हणता म्हणता थांबले, आणि पुढच्या बाकावरच्या पोराला विचारलं, "याला मराठीत काय म्हणतात रे?" गुणाकार हा शब्द आबा त्या दिवशी शिकले. मास्तरही बहुतेक त्याच दिवशी.

आबांच्या बरोबरीची काही पोरं त्या बदलात गळली. जी उर्दूत हुशार होती, ती एकदम मठ्ठ ठरली. मुक्ती मिळाली हे खरंच आहे, मी ते कमी करत नाहीये. पण त्या वर्गात बसलेल्या उर्दू मातृभाषेच्या पोरांचं काय झालं असेल, हे आबांना एकदा विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक होता, माझ्यापेक्षा हुशार. नंतर दिसला नाही."

चला, आता दुसरी पिढी. माझे मोठे काका, जन्म १९५६. योगायोग म्हणजे त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, आणि १९६० ला महाराष्ट्रात. १९६६ पासून आजचं राज्य शिक्षण मंडळ काम करायला लागलं. मॅट्रिक तेव्हा अकरावीला.

याच काळात देशात एक जबरदस्त कल्पना आली होती, आणि ती मला आजच्या गप्पांतली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. १९५२-५३ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला. त्यांचं म्हणणं असं होतं की सगळ्या मुलांना कॉलेजच्या एकाच दाराकडे का हाकता? काहींचा हात चांगला चालतो, काहींचा आवाज, काहींची शेती. म्हणून हायस्कूलमध्येच सात शाखा करा : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. अशा शाळांना नाव दिलं 'मल्टीपर्पज', म्हणजे बहुउद्देशीय. नांदेडच्या वजिराबादेत अजूनही जिल्हा परिषदेचं मल्टीपर्पज हायस्कूल आहे. ते नाव इंग्रजीत का आणि त्याचा पर्पज कोणता, असा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडायचा. उत्तर हे. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका स्वप्नाची पाटी आहे ती.

आता २०२० चं नवं शिक्षण धोरण वाचलेल्यांना हे ऐकून ओळखीचं वाटलं असेल. कला-विज्ञानाच्या भिंती नकोत, कौशल्य हवं, आवडीप्रमाणे विषय हवेत. सगळं तेव्हाही म्हटलेलं होतं.

मग झालं काय? सात शाखांसाठी वर्कशॉप लागतं, लेथ मशीन लागतं, शेत लागतं, आणि त्या सगळ्याच्या वर शिकवणारा माणूस लागतो. मशीन विकत घेता येतं, माणूस कुठून आणायचा? लेथ चालवता येणारा आणि वर्गही सांभाळता येणारा माणूस कारखान्यात जास्त कमावतो. असे शिक्षक तयार करायला केंद्राने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे खास प्रादेशिक महाविद्यालयं काढली, तोवर १९६३ साल उजाडलं होतं. म्हणजे शाळा आधी, शिक्षक नंतर. आमच्या भाषेत, फीचर रिलीज केलं आणि सर्व्हर नंतर घेतला.

जिल्ह्याच्या ठिकाणी निदान पाटी तरी लागली. गावाकडे तेही नाही. गावाकडे निवडीचा एकच खरा प्रश्न होता : गणित कोणतं? जुन्या मॅट्रिकला बीजगणित-भूमिती घेता यायची, नाहीतर त्याऐवजी सोपं अंकगणित. काकांच्या शाळेत त्या दोन वर्षांत बीजगणित शिकवणारे सर बदलून गेले आणि जागा रिकामी राहिली. हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गाला अंकगणित घ्यायला लावलं. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांनी विचार केला, निदान पास तरी होतील. काका पास झाले, चांगल्या मार्कांनी. आणि मग कळलं की बीजगणित-भूमितीशिवाय कॉलेजात सायन्सला जाता येत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा निर्णय. त्याने घेतलाच नाही, एका रिकाम्या खुर्चीने घेतला. काका पुढे ग्रामसेवक झाले, व्यवस्थित संसार केला. पण घरातला रेडिओ, पंप, मोटर सगळं तेच उघडून दुरुस्त करतात. गेल्या दिवाळीत माझा लॅपटॉपही उघडला. परत जोडला सुद्धा.

काकांच्या बाबतीत जे झालं ते देशभर होत होतं, आणि ते ओळखणारी माणसंही होती. डॉ. दौलतसिंह कोठारी यांचा शिक्षण आयोग १९६४ ते ६६ मध्ये बसला. त्याचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. आयोगाने स्पष्ट म्हटलं की इतक्या लवकर शाखा पाडू नका. दहावीपर्यंत सगळ्यांना सारखंच शिकवा. गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. निवड त्यानंतर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निवड काढून घेणं वाटलं होतं. सक्ती वाईट, निवड चांगली, असं आपलं सरळ समीकरण असतं ना? पण काकांची गोष्ट डोळ्यासमोर ठेवून बघा. सक्ती झाली की सरकारला प्रत्येक शाळेत गणिताचा शिक्षक द्यावाच लागतो. पर्याय असला की 'तुमच्याकडे तो पर्याय नाही' असं म्हणायची सोय होते. मुंबईत पर्याय म्हणजे स्वातंत्र्य असेल. वाढोण्यात पर्याय म्हणजे बऱ्याचदा रिकामी खुर्ची.

१९७५ मध्ये राज्यात नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी हे वेगळं ज्युनिअर कॉलेज झालं. माझे वडील १९८० च्या दहावीचे. त्यांना कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांना सगळं होतं. ते सायन्सला गेले, आमच्या घरातले पहिले. मुदलियारांच्या सात शाखांची एक आठवण मात्र वेळापत्रकात उरली : कार्यानुभव. कोठारींच्या अहवालात ती मोठी गंभीर कल्पना आहे, डोकं आणि हात एकत्र आणण्याची. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिचे आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड झाले होते. तुमच्याकडे खडूबाऊल्या असतील.

आता माझी पाळी. मी २०१३ च्या दहावीचा. आमच्या वेळी दोन गंमती होत्या. एक, २०१० मध्ये आलेलं 'बेस्ट ऑफ फाइव्ह' : सहा विषयांपैकी चांगल्या पाचांची टक्केवारी. ते प्रकरण हायकोर्टात रद्द झालं आणि सुप्रीम कोर्टात टिकलं होतं. दुसरी, भाषा. पूर्ण हिंदी घ्या, नाहीतर संयुक्त, म्हणजे पन्नास मार्कांची हिंदी आणि पन्नासचं संस्कृत. नांदेडचे माझे मावसभाऊ संस्कृत घेऊन मार्क लुटून आले. आमच्या शाळेत संस्कृतचे सर नव्हते. रिकामी खुर्ची, भाग दोन. वर्गातल्या दोघांनी 'सामान्य गणित' घेतलं होतं, तोही पर्याय तेव्हा होता. २०१७-१८ च्या सुमारास नववी-दहावीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा तो बंद झाला.

मग लातूर. आमच्या भागात हुशार पोरगं म्हणजे लातूर, हे ठरलेलं. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं, दयानंद त्याच्याही आधीचं, आणि दोन्हींच्या आसपास वाढलेला तो 'लातूर पॅटर्न'. त्यावर वेगळा भाग करायचाय, म्हणून आज फक्त एक गोष्ट सांगतो.

अकरावीच्या ॲडमिशनच्या रांगेत मागच्या एका वडिलांनी माझ्या वडिलांना विचारलं, "बायफोकल घ्यायलाव ना?" बायफोकल म्हणजे चष्मा नव्हे. बारावीत एक दोनशे मार्कांचा व्यावसायिक विषय घ्यायचा, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स वगैरे. बदल्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा. मूळ हेतू किती छान आहे बघा : सायन्सच्या मुलाच्या हातात एखादं कौशल्य यावं. परत मुदलियार. प्रत्यक्षात कॉम्प्युटरच्या दोनशेतले शंभर प्रॅक्टिकलचे, म्हणजे टक्के वाढवायचा रस्ता. क्रॉप सायन्स घेतलेल्या माझ्या रूममेटच्या घरी सोळा एकर शेती होती. त्याने ते मार्कांसाठी घेतलं, शेतीसाठी नाही. आज तो बँकेत आहे.

मी कॉम्प्युटर घेतलं. बायोलॉजी सुटली, त्याचं काही वाटलं नाही. आणि मराठी सुटली.

तेव्हा लक्षातही आलं नाही. फॉर्मवर एक खूण केली, बस. पंधरा-सोळाव्या वर्षी माझं मराठीचं शिक्षण संपलं, तेही मार्कांच्या हिशेबाने. इंजिनिअरिंगला मार्क लागणार म्हणून केलेला तो हिशेबही धड राहिला नाही. राज्याचे नियम त्या दोन-तीन वर्षांत इतक्यांदा बदलले की २०१४ आणि १५ मध्ये सीईटीऐवजी जेईई मेन, आणि २०१६ ला परत सीईटी.

सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांनी विचारलं, "मराठीला कोण आहे रे शिकवायला?" मी म्हटलं, "मराठी नाही घेतली आबा. तिच्याऐवजी कॉम्प्युटर." त्यांना वाटलं लातूरला मराठीचे मास्तर नाहीत. मी परत सांगितलं, मास्तर आहेत, पण मीच नाही घेतली. ते म्हणाले, "सक्ती केली का कुणी?" मी नाही म्हटलं. ते आत गेले आणि तफरीक की तक्सीम काहीतरी पुटपुटत देवासमोरचे पैसे मोजत बसले. रागावले वगैरे नाहीत. मला आजही नक्की सांगता येत नाही त्यांना काय वाटलं.

२०२० मध्ये राज्याने कायदा केला, सगळ्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीची. बरं झालं. पण अकरावी-बारावीत तो हिशेब आजही तसाच आहे. मराठी ठेवू की आयटी घेऊ, की बायफोकल? ज्याला टक्के हवेत तो काय ठेवेल, तुम्हाला माहितीये.

आणि पुढे काय येतंय? नवं धोरण राज्यात २०२५-२६ ला पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालंय. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात माध्यमिकला विषयांचे भरपूर पर्याय आहेत. त्यातली एक सूचना बातम्यांत गाजली : दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीसच्या वर मार्क असले तरी पुढे जाता यावं, मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारायचा, आणि पुढे ते विषय घेता येणार नाहीत. नवा अभ्यासक्रम येईपर्यंत बदल नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. मी दोन्ही बाजूंनी विचार केलाय. गणितात अडकून शाळा सुटणारी पोरं मी बघितलीत, ती सुटू नयेत हे पटतं. पण तो शेरा वाचला की मला काका दिसतात. अंकगणितात चांगल्या मार्कांनी पास झालेले, आणि दार बंद झालेले. मुलगा गणितात कच्चा आहे की त्याच्या शाळेत दोन वर्षं गणिताला कोणी नव्हतं, हे शेऱ्यात कसं कळणार?

असो. त्या दिवशी पुतणी आणि मी फॉर्म भरायला बसलो. गावात सायन्स आहे, पण तिला हवं होतं सायन्ससोबत भूगोल, आणि मराठीसुद्धा. तिला कविता आवडतात, वहीत लिहिते, दाखवत नाही. भूगोल कुठे शिकवतात ते शोधायला आम्ही कॉलेजांना फोन लावले. एका ठिकाणी सांगितलं, यादीत आहे, पण सर नाहीत. दुसरीकडे, दहा मुलं आली तर बघू. तिसऱ्यांनी फोन उचलला नाही.

काका शेजारी पंपाचं स्टार्टर उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आधी सर आहेत का ते विचार, मग विषय लिही."

तिने भोकर, नांदेड, मग लातूर असं करत सात पसंतीक्रम भरले. दुसऱ्या भाषेच्या रकान्यात मराठी ठेवली. मी आयटीबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं, तिने माझ्याकडे बघितलं, मी बंद केलं. उरलेले तीन पसंतीक्रम रिकामेच राहिले. तेवढ्यात लाइट गेली आणि सबमिट मात्र आबांच्या खाटेजवळ जाऊन करावं लागलं, कारण रेंज तिथेच येते.